‘फास्ट टिप’चा ताठ रॉड घेताय? आकुर्डी ते पवना, कोणत्या माशाला कोणती काठी चालते ते आधी बघा

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार म्हणजे साप्ताहिक सुट्टीचा वार. आकुर्डी, चिंचवड, भोसरीतली बरीच मशिनं त्या दिवशी थंड असतात. कुणी झोप काढतो, कुणी बाजार करतो आणि काही जण पाठीला लांब पिशवी अडकवून बाईकला किक मारतात. पिशवीत असतो मासेमारीचा रॉड. सोबत कणकेचा गोळा, डब्यात गांडुळं आणि डोक्यात यूट्यूबवर पाहिलेला एखादा व्हिडिओ.

गडबड होते ती या व्हिडिओमुळे.

यूट्यूबवर रॉड कसा निवडावा हे सांगणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. त्यात एक सल्ला हमखास येतो. क्रॅपी नावाच्या माशासाठी ताठ आणि ‘फास्ट टिप’चा रॉड घ्या. मग इकडे तसाच रॉड ऑनलाइन मागवला जातो. पहिल्या गुरुवारी मासा गळाला लागतो आणि अर्ध्या वाटेत सुटतो. दुसऱ्या गुरुवारी तंगूस तुटते. तिसऱ्या गुरुवारी रॉड माळ्यावर जातो.

दोष रॉडचा नसतो आणि व्हिडिओचाही नसतो. ‘ताठ’ आणि ‘फास्ट’ या दोन शब्दांचा अर्थ नीट कळलेला नसतो. तो कळला की रॉड कसा निवडायचा हे फार अवघड राहत नाही.

क्रॅपी हा मासा आहे तरी कसा?

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. काळा आणि पांढरा असे त्याचे दोन प्रकार आहेत. आकाराने तो बेताचाच, साधारण वीतभर ते फूटभर. भारतातल्या नद्या-तलावांत तो सापडत नाही. त्यामुळे पवनेत, मुळशीत किंवा उजनीत क्रॅपी मिळेल या आशेवर कुणी जाऊ नये.

पण त्याची एक खोड समजून घेण्यासारखी आहे. त्याच्या तोंडाभोवतीची कातडी इतकी पातळ असते की अमेरिकेत त्याला ‘पेपरमाउथ’ म्हणजे कागदी तोंडाचा मासा म्हणतात. जोरात हिसका दिला की गळ ती कातडी फाडून बाहेर येतो.

मग एवढ्या नाजूक तोंडाच्या माशाला ताठ रॉड कशासाठी? कारण क्रॅपी पाण्यात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत लपून बसतो. मासेमार होडीतून त्या फांद्यांमध्ये सरळ खाली आमिष सोडतात. मासा लागला की त्याला फांदीला गुंडाळी मारायला वेळ न देता लगेच वर उचलावं लागतं. वाकून बसणारी काठी तिथे उपयोगाची नाही. शिवाय क्रॅपी आमिष इतकं हळू उचलतो की ती हालचाल हाताला जाणवायला शेंडा हलका आणि चपळ लागतो.

म्हणजे ‘ताठ आणि फास्ट’ हा सल्ला एका विशिष्ट पद्धतीसाठी आहे. तेच अमेरिकन मासेमार होडीतून एकाच वेळी अनेक काठ्या लावून संथपणे फिरतात, तेव्हा उलट लांब आणि लवचिक रॉड घेतात. मासा तोच असतो, पद्धत बदलली की काठी बदलते.

ताठपणा वेगळा, वाकणं वेगळं

रॉडच्या बुंध्याजवळ दोन शब्द छापलेले असतात. एक असतो ‘पॉवर’ आणि दुसरा ‘ॲक्शन’. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो ते. त्याचे टप्पे अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम लाइट, मीडियम, मीडियम हेवी आणि हेवी असे चढत जातात. ज्याला ताठपणा म्हणतात तो हाच.

ॲक्शन म्हणजे काठी कुठे वाकते ते. एक्स्ट्रा फास्ट रॉड फक्त शेंड्याकडच्या पाव भागात वाकतो. फास्ट रॉड वरच्या साधारण एक तृतीयांश भागात वाकतो. मॉडरेट अर्ध्यापर्यंत वाकतो आणि स्लो रॉड जवळजवळ मुठीपर्यंत कमान करतो.

यात वेगाचा संबंध इतकाच, की फास्ट रॉडचा शेंडा वाकून पटकन सरळ होतो.

या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. रॉड लाइट असूनही फास्ट असू शकतो आणि हेवी असूनही मॉडरेट असू शकतो. म्हणून दुकानदाराला नुसतं ‘कडक रॉड द्या’ म्हटलं तर तो हेवी रॉड हातात ठेवेल. त्यावर पाव किलोची चिलापी लागली तरी कळणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या टप्प्यांचं सगळ्या कंपन्यांना लागू होईल असं एकच माप नाही. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियम लाइटसारखा निघू शकतो. त्यामुळे लेबल ही सुरुवात समजायची आणि खात्री हातात घेऊन करायची.

काठी वाकते ते बरंच असतं

रॉड वाकला की काही जणांच्या पोटात गोळा येतो. वाकला म्हणजे आता तुटणार, असं वाटतं. खरं तर वाकणं हे रॉडचं कामच आहे. आकुर्डीत कारखान्यात काम करणाऱ्याला हे गणित चटकन पटेल, कारण हा साधा तरफेचा हिशोब आहे.

समजा पुढचा हात टेकू आहे आणि रॉडचा शेंडा तिथून 2 मीटर लांब आहे. मागचा हात टेकूपासून 25 सेंटिमीटर मागे आहे. शेंड्यावर 1 किलोचा ताण आला आणि रॉड अजिबात वाकला नाही, तर मागच्या हाताला 8 किलोचा जोर लावावा लागेल. मासा एक किलोने ओढतो आणि माणूस आठ किलोने झगडतो. पारडं माशाच्या बाजूला झुकलेलं असतं.

आता तोच रॉड वाकला आणि ताण टेकूपासून आडव्या रेषेत 1.2 मीटरवर आला, तर मागच्या हाताला 4.8 किलोच पुरतात. वाकलेली काठी तरफ आखूड करते. शिवाय माशाने अचानक मुसंडी मारली तर तो धक्का काठी स्वतः पचवते. तंगूस आणि माशाचं तोंड दोन्ही वाचतं.

फास्ट रॉडमध्ये हा धक्का पचवणारा भाग लहान असतो. फायदा असा की हाताचा हिसका लगेच गळापर्यंत पोहोचतो. तोटा असा की चूक माफ होत नाही. जोर जरा जास्त झाला की एक तर तोंड फाटतं, नाही तर दोरी तुटते. मॉडरेट रॉडवर हिसका उशिरा पोहोचतो, पण मासा लागल्यावर तो सहसा सुटत नाही.

बांबूपासून कार्बनपर्यंत

गळाची काठी म्हटलं की गावाकडे आजही आधी बांबूच आठवतो. मावळात-कोकणात बांबूला कमी नाही. मानवेल हा जवळजवळ भरीव असलेला बांबू काठ्या-लाठ्यांसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून रॉड बनवायला सुरुवात झाली, तेव्हा त्यासाठी भारतातून गेलेला बांबू वापरला जाई. तो ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जायचा. पुढे त्याची जागा चीनमधल्या टोंकिन बांबूने घेतली.

बांबू बुंध्याला जाड आणि शेंड्याला बारीक असतो. रॉडचं सगळं शास्त्र या निमुळतेपणातच आहे. भरीव गोल काठीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे 8 मिलिमीटर जाडीची काठी 4 मिलिमीटरच्या काठीपेक्षा दुप्पट नाही, तर 16 पट ताठ असते. म्हणून बुंधा जाड ठेवून शेंडा झपकन बारीक केला की रॉड फास्ट होतो. निमुळतेपणा सावकाश ठेवला की मॉडरेट होतो.

आज बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात, ग्लास फायबर आणि कार्बन. कार्बनलाच रॉडच्या बाजारात ग्रॅफाइटही म्हणतात. कार्बनचा तंतू काचेच्या तंतूपेक्षा साधारण तिप्पट ताठ असतो आणि वजनालाही हलका असतो. त्यामुळे तेवढाच ताठपणा कमी वजनात मिळतो. हलक्या काठीतून माशाची बारीक टोचणीसुद्धा हातापर्यंत येते. नाजूक चावा ओळखायचा असेल तर कार्बन चांगला.

पण कार्बनला एक खोड आहे. दगडावर आपटून बारीक ओरखडा पडला तरी पुढे कधीतरी भर ताणात तो तिथूनच तडकतो. ग्लास फायबर जड आणि थोडा सुस्त असतो, पण मार खाऊन टिकतो. बाईकवरून नेणाऱ्या, नुकतीच सुरुवात करणाऱ्या आणि घरात लहान मुलं असलेल्या माणसाला ग्लास किंवा दोन्हींचं मिश्रण असलेला रॉड जास्त दिवस साथ देतो.

काही रॉडवर 24 टन, 30 टन, 40 टन असे आकडे असतात. तो रॉडची उचलण्याची क्षमता सांगणारा आकडा नाही. तो कार्बन तंतूच्या ताठपणाचा आकडा आहे, दर चौरस मिलिमीटरला टन या मापात. आकडा जितका मोठा तितका तंतू ताठ, आणि बहुधा तितकाच ठिसूळही. 40 टन वाचून 24 टनवाल्याला कमी समजायचं कारण नाही.

आपल्याकडच्या माशांचं काय?

क्रॅपीच्या सर्वात जवळ जाणारा आपला मासा म्हणजे चिलापी, म्हणजेच तिलापिया. तोही मूळचा इथला नाही. आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि नंतर देशभरातल्या तलावांत पसरला. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे त्याची पिल्लं मोठ्या संख्येने जगतात. देशी माशांना त्याचा त्रासच होतो, म्हणून पकडलेली चिलापी घरी नेली तर पाण्याचं नुकसान नाही.

चिलापीचं तोंड लहान असतं आणि ती आमिष एकदम गिळत नाही, कुरतडते. कणकेचा गोळा गायब होतो आणि हाताला काहीच कळत नाही, हे अनेकांनी अनुभवलं असेल. इथे फास्ट टिप खरोखर उपयोगी पडते. लाइट किंवा मीडियम लाइट पॉवर, फास्ट ॲक्शन आणि बारीक गळ हे जुळणी चांगलं जमतं. तिचं तोंड क्रॅपीइतकं कागदी नसतं, त्यामुळे मनगटाचा छोटा हिसका चालतो. खांद्यापासून हात फिरवायची गरज नाही.

रोहू, कटला आणि मृगळ यांचं गणित वेगळं आहे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. हे मासे काही किलोंचे होतात आणि लागल्यावर लांब पळतात. इथे फास्ट रॉडचा हट्ट धरला तर पहिल्याच मुसंडीत तंगूस तुटते. मीडियम पॉवरचा मॉडरेट रॉड त्यांच्यासाठी बरा.

मरळ म्हणजे दाताचा, कडक तोंडाचा मासा. तो पाणवनस्पतींच्या गर्दीत दबा धरून बसतो. त्याच्या जबड्यात गळ रुतवायला जोर लागतो आणि गवतातून त्याला ओढून काढावं लागतं. मीडियम हेवी आणि फास्ट असा खरोखरचा ताठ रॉड लागतो तो इथे. फक्त एक पथ्य पाळावं. मरळीचे आई-बाप पिल्लांच्या थव्याची राखण करतात. पिल्लांचा थवा दिसत असेल तर तिथे गळ टाकू नये, कारण राखणारा गेला की अख्खा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

आणि महाशीर. पुणे परिसराचं या माशाशी जुनं नातं आहे. दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या नदीतल्या माशावरून केलं. त्याच्या ‘टॉर खुद्री’ या नावातलं ‘खुद्री’ हे इथल्याच बोलीतून आलं. लोणावळ्यात वळवणला टाटा पॉवर 1970 च्या दशकापासून या माशाची बीजं तयार करत आलं आहे. देहू-आळंदीला इंद्रायणीतले मासे देवाचे मानले जातात, त्यांना कुणी हात लावत नाही. महाशीर चुकून गळाला लागलाच तर त्याला पाण्यातच ठेवून, ओल्या हाताने गळ काढून सोडून द्यावं.

लेबलवरचे आकडे मराठीत

परदेशी रॉडवर दोरीची ताकद पाउंडात आणि आमिषाचं वजन औंसात असतं. त्याचा साधा तर्जुमा असा:

- 4 पाउंडाची दोरी म्हणजे सुमारे 1.8 किलो ताण सहन करणारी
- 6 पाउंड म्हणजे 2.7 किलो
- 10 पाउंड म्हणजे 4.5 किलो
- 1/16 औंस आमिष म्हणजे पावणेदोन ग्रॅम
- 1/8 औंस म्हणजे साडेतीन ग्रॅम

हे आकडे पाळायला हवेत. 2 ते 5 ग्रॅमच्या रॉडवर 20 ग्रॅमचं शिसं लावून जोरात फेकलं तर शेंडा मोडू शकतो. उलट 20 ग्रॅमच्या रॉडवर 2 ग्रॅमचं आमिष लावलं तर शेंडा वाकतच नाही आणि आमिष पायाशी पडतं.

लांबीचंही तसंच आहे. 6 फूट म्हणजे 1.83 मीटरचा रॉड झाडीत आणि होडीत सोयीचा. काठावर उभं राहून लांब फेकायचं असेल तर 7 ते 8 फूट बरा. बाईकवरून किंवा लोकलने जाणाऱ्याने दोन तुकड्यांचा रॉड घ्यावा. दुर्बिणीसारखा आत सरकणारा टेलिस्कोपिक रॉड पिशवीत मावतो खरा, पण त्यात बरेच जोड असतात आणि प्रत्येक जोडाला काठी वाकायला अडते. त्यावर ‘फास्ट’ लिहिलं असलं तरी फार भरवसा ठेवू नये.

दुकानात पाच मिनिटांत काय तपासायचं?

1. रॉड आडवा धरून हलकेच हलवा आणि थांबा. शेंडा एक-दोन हेलकाव्यांत स्थिर झाला तर चांगला. बराच वेळ थरथरत राहिला तर चाव्याचा इशारा त्या थरथरीत हरवेल.

2. रील आणि दोरी लावून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली बांधा आणि सावकाश उचला. हा साधारण अर्ध्या किलोचा ताण. काठी कुठपर्यंत वाकते ते बाजूने बघा. फक्त वरचा भाग वाकला तर फास्ट, अर्ध्यापर्यंत कमान झाली तर मॉडरेट. अल्ट्रालाइटवर मात्र एवढा भार टांगू नका.

3. शेंडा हाताने धरून वाकवू नका. काठीचा सगळ्यात नाजूक भाग तोच आणि दुकानातले रॉड तिथेच मोडतात.

4. दोरी जाते त्या कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर कडीला तडा आहे. तीच कडी पुढे तंगूस कापते.

5. रील लावून मुठीच्या थोडं पुढे एका बोटावर रॉड तोलून बघा. तोंडाकडे फार झुकत असेल तर तासाभरात मनगट दुखायला लागेल.

रॉड ताठ असेल तर रील सैल ठेवा

ताठ, फास्ट रॉड आधीच घेतला असेल तर तो विकायची गरज नाही. दोन गोष्टी बदलल्या तरी काम होतं.

पहिली म्हणजे दोरी. विणलेली ब्रेड दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही. ताठ रॉडवर ती लावली की धक्का सरळ माशाच्या तोंडावर जातो. नायलॉनची तंगूस थोडी ताणली जाते आणि रॉडची उणीव भरून काढते.

दुसरी म्हणजे रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती जोरावर सुटू लागावी याची व्यवस्था. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ठेवायचा. 2.7 किलोची दोरी असेल तर 700 ते 900 ग्रॅमवर रील सुटायला हवी. घरातला सामानाचा स्प्रिंगकाटा लावून हे मोजता येतं. मासा किनाऱ्याशी आल्यावर रॉड डोक्यामागे नेऊन त्याला उचलू नये. तसं केलं की सगळा ताण एकट्या शेंड्यावर येतो. जाळीने उचलावा.

हे विसरलात तर रॉडपेक्षा मोठं नुकसान होईल

कार्बन विजेचा वाहक आहे. विजेच्या तारांखालून उभा रॉड घेऊन चालणं किंवा तिथे गळ फेकणं जिवावर बेतू शकतं. वळवाच्या दिवसांत ढगांचा गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून पाण्यापासून दूर जायचं. मासा लागलेला असला तरी.

पवना धरणाचं पाणी नदीत सोडलं जातं आणि रावेतला उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवलं जातं. विसर्ग सुरू झाला की नदीची पातळी बघता बघता वाढते. पावसाळ्यात काठ निसरडे असतात. धरणाच्या खोल पाण्यात बुडून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. एकट्याने जाऊ नये.

राज्यातल्या बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. तिथल्या माशांवर त्या लोकांचं पोट असतं. गळ टाकण्यापूर्वी स्थानिक संस्थेला विचारावं, शुल्क असेल तर भरावं. पावसाळा हा बऱ्याच माशांचा विणीचा काळ, तेव्हा अंड्यांनी भरलेली मादी लागली तर सोडून द्यावी. शहरातून वाहताना पवनेत सांडपाणी मिसळतं, त्यामुळे तिथला मासा कालवणात नको. आणि तुटलेली तंगूस काठावर टाकू नये, पक्ष्यांचे पाय तीत अडकतात आणि ते तिथेच मरतात.

आता प्रश्न उरतो पहिल्या रॉडचा. आकुर्डी-निगडीकडचा, पवनेच्या काठी चिलापी धरायला निघालेला माणूस असेल, तर साडेसहा-सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम लाइट आणि फास्ट रॉड, त्यावर 6 पाउंडाची नायलॉन तंगूस. रोहू-कटल्याचा नाद लागला की दुसरा, मॉडरेट रॉड घ्यावा. एकाच काठीने सगळे मासे धरायचे म्हटलं तर कुठलाच धड धरला जात नाही.